आईसाठी ठेवलेली जागा

मित्रांनो, शाळेत तुम्हाला छत्रीचे आत्मवृत्त लिहायला सांगतात, फाटक्या पुस्तकाचे सांगतात, बंद पडलेल्या घड्याळाचे सांगतात. माझे आत्मवृत्त लिहा, असे कोणत्या बाईंनी कोणत्या वर्गात सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सांगणार तरी कशा? मी एक जुनी शववाहिका आहे. माणूस गेला की त्याला शेवटच्या ठिकाणी पोहोचवणारी काळी, लांबलचक गाडी. माझे नाव निघाले की मोठी माणसे घसा खाकरतात आणि विषय बदलतात. तेव्हा माझे मीच सांगते. गोड लागणार नाही, पण खरे आहे.

माझा पुढचा अर्धा भाग एका कारखान्यात इतर गाड्यांबरोबरच तयार झाला. तिथे आम्ही सगळ्या सारख्याच होतो. मग आमची पांगापांग झाली. कोणी डॉक्टरांच्या दारी गेली, कोणी टॅक्सी झाली, आणि मला पाठवले एका सुताराकडे. त्याने आणि त्याच्या पत्रेवाल्या भावाने माझा मागचा भाग हाताने बांधला. दोन्ही बाजूंना लांब काचा बसवल्या, कडेने पितळी पट्टी फिरवली आणि तळाला सागवानाची एक लांब फळी बसवली. ही फळी छोट्या चाकांवरून अलगद बाहेर सरके आणि पुन्हा आत जाई. काम पुरे झाल्यावर सुतार स्वतः तिच्यावर आडवा झाला, डोळे मिटून थोडा वेळ पडून राहिला आणि उठून म्हणाला, "पाठीला रुतत नाही. चालेल." त्याच्या बायकोने ते पाहिले. तिने त्याला त्या दिवशी जेवायला वाढले नाही म्हणतात.

अंत्यविधीची व्यवस्था करून देणाऱ्या एका दुकानाने मला घेतले. तिथे मला चालवायला जो माणूस होता, त्याला सगळे मामा म्हणत. मामा कमी बोलत. माणूस आत असताना हॉर्न वाजवायचा नाही आणि गाडी मागे घ्यायची नाही, हे त्यांचे दोन नियम होते. तिसरा नियम मात्र त्यांचा एकट्याचा होता. ते समोर कमी आणि आरशात जास्त बघत. कोणीतरी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "पुढे कोण चाललंय ते सगळेच बघतात. मला सगळ्यात मागचा माणूस बघायचा असतो. त्याच्या पायानं गाडी चालवायची."

आणि ते तसेच चालवत. माझ्यामागून माणसे पायी येत. त्यांतली म्हातारी, लंगडी, रडून रडून दमलेली मागे पडत. मामा क्लच अर्धा दाबून, पहिल्या गिअरमध्ये मला मुंगीच्या पावलांनी नेत. कोणी थांबले की मी थांबे. आता हे ऐकायला छान वाटते, पण गाडीला असे चालणे फार जड जाते. इंजिन तापते, क्लच झिजतो, आणि मीटरचा काटा मात्र जागचा हलत नाही. दुसऱ्या गाड्या एका दिवसात जेवढ्या पळत, तेवढे अंतर कापायला मला महिने लागत. मी थकत होते आणि कागदावर मात्र कोरी करकरीत दिसत होते.

लोकांचे म्हणाल, तर त्या एका दिवसापुरते ते माझे सगेसोयरे असत. काचेवर कपाळ टेकवत, दाराची मूठ सोडायला तयार नसत. आणि दुसऱ्या दिवशी मी रस्त्याने रिकामी जाताना दिसले की तीच माणसे तोंड फिरवून पलीकडच्या फुटपाथवर जात. गरज सरो, वैद्य मरो. मला त्याचे वाईट वाटत नसे असे नाही. वाटायचे. रोज वाटायचे.

पुढे मामांची नजर अधू झाली आणि मामा घरी बसले. दुकानाच्या मालकाच्या जागी त्याचा जावई आला. त्याने थंड हवेची पांढरी व्हॅन घेतली. ती झटकन येते, झटकन जाते. मागून पायी चालणारे कोणी उरलेच नव्हते, सगळे आपापल्या गाड्यांतून पुढे जाऊन वाट बघत उभे राहत. मला मागच्या शेडमध्ये फुलांच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी लावले. टायर बसले, सीट उसवली, दाराखाली गंज धरला. किती वर्षे गेली ते मी मोजले नाही. मग एक दिवस जावयाने जाहिरात दिली: जुनी, दुर्मिळ, चालू स्थितीतली गाडी विकणे आहे.

जाहिरात वाचून जो आला, त्याचे चष्म्याचे दुकान होते. त्याच्या घरी जुना ग्रामोफोन होता, जुनी मोटारसायकल होती, हातपंख्यापासून दाढीच्या वस्तऱ्यापर्यंत जुने सगळे होते. म्हणून गल्लीत त्याला हौशी म्हणत. हौशीबरोबर त्याची बायको आली होती. ती शेडच्या दारातच थांबली.

हौशीने चावी लावून फिरवली. दुसऱ्या प्रयत्नाला मी सुरू झाले. तो हरखला. मग जुन्या गाड्या घेणारे सगळे जे करतात तेच त्याने केले. आधी मीटर पाहिला.

"ही तर काहीच चालली नाहीये," तो म्हणाला.

"हिला लांब जायची वेळच यायची नाही," जावई म्हणाला.

जावई खोटे बोलला नाही. त्याने मला कधी चालवलेच नव्हते, त्याला काय ठाऊक. आणि हौशी दिवसभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरे वाचायला लावणारा, त्याने तो आकडा वाचला आणि खूश झाला. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. मला तोंड असते तर मी तिथेच सांगितले असते की बाबा, मीटरवर जाऊ नकोस, मी हे सगळे अंतर चालत कापले आहे. पण गाडीला कोण विचारतो?

"दारात उभी करणार ही?" बायकोने विचारले.

"अगं, विंटेज आहे."

"विंटेज असू दे नाहीतर सोन्याची. शेजारीपाजारी काय म्हणतील? मी हिच्यात पाय ठेवणार नाही, आत्ताच सांगते."

"तुला कोण ठेव म्हणतंय."

अशी मी हौशीच्या दारात आले. बायको म्हणाली होती तेच झाले. समोरच्यांनी खिडकीला पडदा लावला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, घरात आजारी माणूस आहे, रोज सकाळी ही दिसली तर त्याने बरे कसे व्हायचे? कोपऱ्यावरच्या बाई आपल्या मुलांना माझ्या सावलीतून जाऊ देत नव्हत्या. शेवटी चारपाच जण मिळून हौशीकडे आले आणि म्हणाले, गाडी हलवा.

तेवढ्यात आतून हौशीची आई बाहेर आली. काठी टेकत, एकेक पायरी उतरत. ती माझ्याजवळ आली, पितळी पट्टीवरून तिने बोट फिरवले आणि काचेला डोळा लावून आत पाहिले.

"ही तीच आहे," ती म्हणाली. "ह्याच्या बाबांना हिनंच नेलं."

मग आईने सांगितले, आणि मलाही तो दिवस आठवला. तेव्हा ती तरुण होती. कडेवर मूल होते, आणि ते मूल म्हणजे हाच हौशी. अर्ध्या वाटेत तिच्या चपलेचा अंगठा तुटला. ती वाकली. बाकीची मंडळी पुढे निघून गेली.

"सासऱ्यांना कळलं नाही, दिरांना कळलं नाही," आई म्हणाली. "गाडीला कळलं. मी चप्पल हातात घेऊन उभी राहीपर्यंत ही थांबली. मग माझ्याबरोबर चालली. त्या दिवशी माझ्यासाठी थांबलेलं असं हे एकच होतं." मग तिने मुलाकडे पाहिले. "मला हिच्यातूनच ने बाबा. त्या पांढऱ्या डब्यातून नको. तो पळवत नेतो."

"हो गं आई," हौशी लगेच म्हणाला. "त्यासाठीच तर घेतली."

मित्रांनो, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्याने मला कशासाठी घेतले होते ते मला ठाऊक होते. पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती आणि त्यात त्याला मिरवायचे होते. पण ते वाक्य त्याला फार उपयोगी पडले. आईची शेवटची इच्छा म्हटल्यावर कोणाची बोलायची छाती होणार? आलेले सगळे मान हलवत परत गेले. गल्लीत हौशीचे नाव झाले. असा मुलगा असावा, असे जो तो म्हणू लागला. हौशीनेही मग ती गोष्ट येईल त्याला सांगितली, आणि दर वेळी सांगताना तिच्यात थोडी भर घातली. शेवटी शेवटी तर तो आईच्या स्वप्नासाठी गावोगाव मला शोधत हिंडला होता.

आईने मात्र त्याचा शब्द खरा धरला. दुपारी सगळे आपापल्या कामात असले की ती येऊन माझ्या पुढच्या सीटवर बसायची. लसूण सोलायची, नाहीतर नुसती बसायची. कधी मागचे दार उघडून मऊ फडक्याने फळी पुसायची. एकदा सूनबाईने तिला तसे पाहिले आणि ती घाबरली.

"आई, काय हे? चला आत."

"अगं, लांबीला पुरते का बघत होते," आई म्हणाली. "मावेन मी. आता राहिलीये केवढीशी." आणि ती हसली. सूनबाईला हसू आले नाही.

इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी असे निवांत आले नव्हते. सगळे रडत आले किंवा घाईत आले. मला ती फार आवडायची. मी मनाशी म्हणायचे, एवढे एक काम नीट करू, मग भंगारात गेले तरी चालेल.

मिरवणुकीचा दिवस आला. हौशीने मला पॉलिश केले, स्वतः टोपी घातली. सुरुवात बरी झाली. मग चढ लागला. अर्ध्या चढावर माझ्या क्लचमधून जळका वास आला, बॉनेटखालून वाफ निघाली आणि मी उभी राहिले. मागच्या सगळ्या गाड्या अडकल्या. लोकांनी मला ढकलत कडेला नेले. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "आता हिला न्यायला दुसरी बोलवा." सगळा रस्ता हसला. हौशीचा तो फोटो, टोपी हातात, तोंड लाल, त्या आठवड्यात घरोघरी फिरला.

मेकॅनिकने मला उघडून पाहिले. म्हणाला, "क्लच पार झिजलाय, इंजिनही दमलंय. सपाट रस्त्यावर हळूहळू नेलीत तर नेईल. पळवू नका, चढावर घालू नका."

ऐकलेत ना? सपाट रस्त्यावर, हळूहळू. मला जे एक काम करायचे होते, ते मी अजून करू शकत होते. पण हौशीला ते काम आठवले नाही. त्याला फक्त एवढेच कळले की आपण फसलो, आणि चारचौघांत फसलो. त्या दिवसापासून तो माझ्याकडे रागाने बघू लागला. त्याच्या मनात एकच, हिच्यातून काहीतरी वसूल झाले पाहिजे.

त्याचा एक मित्र तरुण मंडळींच्या पार्ट्या भरवून द्यायचा. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "उभ्या गाडीला क्लच कशाला लागतो? मागे सोफे टाक, लाइट लाव. लोक फोटो काढायला रांग लावतील."

त्याच आठवड्यात फळी निघाली. तिच्या जागी दोन लाल सोफे बसले, रंगीत दिवे आले, दोन मोठे स्पीकर आले, बर्फाची पेटी आली. आई काठी टेकत बाहेर आली आणि उघड्या दारापाशी उभी राहिली.

"अरे, माझी फळी?"

"जपून ठेवलीये आई. हे काय, नुसत्या बोल्टवर आहे. काढलं की झालं. दहा मिनिटांचं काम."

"नक्की ना?"

"तुझी शपथ."

तेव्हा ते खरेच बोल्टवर होते. पण पहिल्याच पार्टीत सहाजण एका सोफ्यावर नाचले आणि सोफा उलटला. कोणाचा तरी दात पडला. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला आला आणि त्याने दोन्ही सोफे माझ्या तळाशी पक्के जोडून टाकले. हे हौशीने आईला सांगितले नाही. आणि जपून ठेवलेली फळी गॅलरीत होती. सूनबाईने तिच्यावर कुंड्या मांडल्या होत्या.

त्यानंतर माझे जे दिवस गेले, ते न सांगितलेले बरे. पण तुम्ही मुले आहात, तुम्हाला लपवून काय उपयोग, तुम्हीही उद्या पार्ट्यांना जाल. एका संध्याकाळी पार्टी आमच्या दारातच होती. एक मुलगी माझ्या मागच्या दारात आडवी झाली, हात छातीवर ठेवले, जीभ बाहेर काढली. मैत्रिणी फोटो काढत होत्या आणि पोट धरून हसत होत्या. मुलगी वाईट नव्हती. तिच्या घरचे अजून कोणी माझ्यासारखीतून गेले नसेल, एवढेच. मी घराकडे पाहिले तर खिडकीत आई उभी होती. ती बराच वेळ तशीच उभी होती. मग तिने खिडकी लावून घेतली.

त्यानंतर आई माझ्याकडे आली नाही. मी दुपारभर वाट बघायचे. सूनबाई कपडे वाळत घालताना शेजारणीला सांगत होती, की सासूबाई हल्ली काही मागतच नाहीत, किती समजूतदार झाल्यात.

आई गेली ती सकाळी. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि गेली. तासाभरात माणसे जमली. आता कसे न्यायचे असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती ना. ज्यांनी मला हलवा म्हटले होते तेच आता वाट करून देत बाजूला झाले.

हौशी आला आणि त्याने माझे मागचे दार उघडले. आदल्या पार्टीचे चमचमते कागद सोफ्यावर तसेच होते. बर्फाच्या पेटीत कोणाचातरी चष्मा पडला होता. त्याने पेटी बाहेर ओढली, स्पीकर काढले. मग पाना आणला, गुडघ्यांवर बसला आणि बोल्ट फिरवू लागला. पाना घसरला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा घसरला. त्याच्या बोटांची साले निघाली.

सूनबाई जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, वेल्डिंग केलंय ते."

"माहीत आहे."

"मग?"

तो पाना लावत राहिला. वेल्डिंगवाल्याला फोन केला, तो परगावी होता. मेकॅनिक म्हणाला, कापायला अर्धा दिवस जाईल. लोक घड्याळे बघू लागले. हौशीचे काका, म्हणजे आईचे धाकटे दीर, आता स्वतःच काठी टेकत होते. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ. मी व्हॅन बोलावलीये. उशीर होतोय."

पांढरी व्हॅन झटकन आली. आईला आत ठेवले आणि ती कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. सगळे आपापल्या गाड्यांकडे धावले. हौशी शेवटी निघाला. पाना माझ्या तळावरच राहिला आणि दार बंद करायचे कोणाच्या ध्यानात आले नाही. संध्याकाळपर्यंत मी तशीच उघडी होते. खूप वर्षांनी मला रडावेसे वाटले, पण आमच्यात ती सोय नसते.

पुढच्याच आठवड्यात हौशीने सोफे कापून काढले. कुंड्या उतरवल्या, फळी घासली, तेल पाजले, जागेवर बसवली. नवा क्लच घातला, इंजिनाचे काम केले, गंज काढला, उसवलेली सीट शिवून घेतली. आता तो दर रविवारी मला स्वतः धुतो. पितळ तर असे चमकते की त्यात तोंड दिसते. येणारे जाणारे थांबतात आणि म्हणतात, जुन्या वस्तूची काळजी घ्यावी तर अशी. वरातीमागून घोडे कसे सजवतात ते बघायचे असेल तर आमच्या दारात या.

परवा दूरचा एक पाहुणा आला होता. त्याला काहीच माहीत नव्हते. त्याने मागचे दार उघडून पाहिले, फळीवरून हात फिरवला आणि विचारले, "एवढी जपून ठेवलीये, कोणासाठी?"

"आईसाठी," हौशी म्हणाला.

"वा. त्यांना सांगा, भेटून जातो," पाहुणा म्हणाला आणि चप्पल काढून घरात गेला. हौशी फडके हातात धरून माझ्याजवळ उभा राहिला. त्याला हाक मारून थांबवणे हौशीला जमले नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने तुमच्याकडे काहीतरी मागायचे असते. मला तेल नको, पाणी नको, पॉलिश तर मुळीच नको. माझी काळजी घेऊ नका. तुमच्या घरात कोणी म्हातारे असेल आणि ते कधी नव्हे ते काही मागेल, तेव्हा पटकन हो म्हणू नका. आधी जागा करा, आणि मग हो म्हणा.